कॉलेज आलं भायखळ्याहून, घोडा गेला भायखळ्याला

मागच्या उन्हाळ्यात भाचीला पेंग्विन दाखवायला भायखळ्याच्या राणीच्या बागेत घेऊन गेलो होतो. पेंग्विन बघून झाले, पाणघोडा बघून झाला, मग भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला सावली शोधत फिरताना अचानक समोर तो दिसला. काळा घोडा, खरा, ओरिजिनल, पाठीवर सातवा एडवर्ड बसलेला. पाच वर्षं मी ज्याच्या नावाच्या चौकात पडीक होतो तो घोडा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, आणि तोही हत्तीच्या पुतळ्याशेजारी! (म्युझियमबाहेरचा तो दगडी हत्ती, घारापुरीचा.) भाची म्हणाली मामा आइस्क्रीम, पण माझं डोकं भलतीकडेच गेलं होतं. कारण बागेच्या समोर, रस्त्यापलीकडे रेल्वेचं हॉस्पिटल आहे ना, तिथे कधीकाळी माझंच कॉलेज होतं. म्हणजे कॉलेज भायखळ्याहून उठून काळा घोड्याला गेलं आणि नंतर घोडा काळा घोड्याहून उठून भायखळ्याला आला. असलं काही मुंबईतच होऊ शकतं.

तर हे प्रकरण एल्फिन्स्टन कॉलेजचं. एकच कॉलेज घ्यायचं आणि त्याच्या इमारती बदलल्या तशा पोरांच्या बसायच्या जागा कशा बदलल्या ते बघायचं, एवढंच. मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, नव्वदच्या दशकात डोंबिवलीहून लोकलला लटकत येणारा बीएचा पोरगा होतो. पण एक गोष्ट मला बरेच दिवस खटकतेय, ती अशी की या कॉलेजच्या आजूबाजूचा दगड न् दगड आता हेरिटेज आहे, युनेस्कोच्या यादीत आहे, कोणी खिळा ठोकू शकत नाही, आणि तरी आम्ही जिथे जिथे बसायचो त्यातली जवळजवळ प्रत्येक जागा गेली. इमारत वाचली आणि कट्टा मेला, हे कसं काय झालं?

सुरुवातीपासून बघू. १८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन परत गेला तेव्हा मुंबईतल्या लोकांनी वर्गणी काढली, त्याच्या नावाने प्राध्यापक नेमायला. प्राध्यापक आले १८३० च्या दशकात, पण इमारत कुठेय? नाहीच. वर्ग भरायचे टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे एशियाटिक लायब्ररी आहे तिथे. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे कॉलेज दुसऱ्याच्या घरात भाडेकरू. बाळशास्त्री जांभेकर इथे शिकवायचे, दादाभाई नौरोजी इथेच शिकले आणि इथेच गणिताचे प्रोफेसर झाले. १८५६ ला शाळा आणि कॉलेज वेगळं झालं, पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटी आली, आणि १८६२ ला मुंबई विद्यापीठाचे पहिले बीए बाहेर पडले त्यात रानडे आणि भांडारकर होते.

त्या काळात पोरं बसायची कुठे? चहाची टपरी हा प्रकार अजून यायचा होता. पण कट्टा होताच, फक्त त्याचं नाव भारदस्त होतं, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, १८४८. प्रोफेसर पॅटन आणि विद्यार्थी मिळून जमायचे, निबंध वाचायचे, वाद घालायचे. आता तुम्ही म्हणाल हा काय कट्टा, ही तर सभा. पण या सभेतल्या पोरांनी दुसऱ्याच वर्षी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. आमच्या कट्ट्याने पाच वर्षांत काय केलं तर एक क्रिकेट टीम काढली आणि ती पहिल्याच मॅचला हरली. त्यामुळे मी गप्प बसतो.

पहिली स्वतःची म्हणावी अशी इमारत मिळाली १८७१ ला, भायखळ्याला, राणीच्या बागेसमोर. पैसे दिले सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. रेडीमनी हे आडनाव कसं पडलं हे वेगळं सांगायला नको, नावातच आहे, रोकड तयार. तेव्हाचं भायखळा म्हणजे बंगले, बाग, मोकळी हवा. पण हळूहळू गिरण्या वाढल्या, धूर वाढला, साहेब लोक मलबार हिलला सरकले. १८८७ ला व्हीजेटीआय (तेव्हाचं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट) निघालं, गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ तयार करायला, आणि त्याला जागा हवी होती गिरण्यांच्या जवळ. मग सरकारने सरळ अदलाबदल केली. भायखळ्याची इमारत व्हीजेटीआयला, आणि फोर्टात सरकारी छापखान्यासाठी म्हणून जी नवी इमारत बांधली होती ती एल्फिन्स्टनला. व्हीजेटीआय १९२३ ला माटुंग्याला गेलं आणि ती जागा पुढे रेल्वेच्या हॉस्पिटलकडे आली.

म्हणजे नीट बघा, काळा घोड्यासमोरची ती देखणी, कमानींची, १८८८ ची इमारत जिच्यासमोर आता लग्नाआधीचे फोटो काढतात, ती कॉलेजसाठी बांधलेलीच नव्हती, ती गव्हर्नमेंट प्रेससाठी होती! आर्किटेक्ट ट्रबशॉ आणि इंजिनिअर खानबहादूर मंचेरजी मर्झबान यांचं काम. आम्हाला एका सरांनी पहिल्या वर्षी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, म्हणूनच इथे सगळं छापील शिकवतात. सरही हसले. इमारतीला नावसुद्धा कॉलेजचं नाही, कावसजी जहांगीरांचं. शिवाय त्याच छताखाली राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे कंपनी सरकारच्या काळापासूनचे जुने कागद. आम्ही एका बाजूने बंक मारून बाहेर पडायचो तेव्हा दुसऱ्या बाजूने कोणीतरी पार लंडनहून आलेला संशोधक आत शिरत असायचा. इथेही शेजारी आहेतच, पूर्ण घर आपलं असं कधी नाहीच.

आणि इथेच माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गोम आहे. कॉलेज कायम उसन्या जागेत राहिलं, म्हणून पोरांनी पण बसायला उसन्या जागाच शोधल्या. मैदान नाही, हिरवळ नाही, पुण्याच्या फर्ग्युसनसारखी मागे टेकडी नाही. बाहेर पाऊल टाकलं की रस्ता. मग शेजाऱ्यांच्या पायऱ्या, शेजाऱ्यांची गॅलरी, शेजाऱ्यांची बाग. नव्वदमध्ये आमचा दिवस कसा जायचा सांगतो.

व्हीटीला उतरायचं, फाउंटनपर्यंत चालत. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग होते तेव्हा, तिथे पंधरा मिनिटं जायचीच, पहिलं लेक्चर तिथेच बुडायचं. (नंतर महापालिकेने त्यातले बरेचसे हटवले.) मग कॉलेज. दोन लेक्चर. मग डेव्हिड ससून लायब्ररीच्या पायऱ्या, कॉलेजला अगदी चिकटून, १८७० ची इमारत. मेंबर असाल तर वर बाल्कनीत त्या लांबच लांब हातांच्या आरामखुर्च्या, ज्यात बसलं की दहा मिनिटांत झोप लागते. आमच्यातला एकच जण मेंबर होता, तो वर घोरायचा आणि आम्ही खाली पायरीवर त्याची सॅक सांभाळायचो.

समोर जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची, आणि तिच्यात मागच्या बाजूला समोवार. समोवार म्हणजे हॉटेल पण म्हणवत नाही, एक लांबट बोळ होता, रेल्वेच्या डब्यासारखा, एका अंगाला म्युझियमची हिरवी बाग. १९६४ ला उषा खन्नांनी सुरू केलं. पुदिन्याचा चहा, पेरूचा रस, खिमा पराठा. खिमा पराठा आम्ही सेमिस्टरमधून एकदा, म्हणजे आमच्या काळी वर्षातून एकदा, रिझल्ट लागल्यावर. बाकी दिवशी एक चहा चौघांत. पण गंमत अशी की कोणी उठा म्हणायचं नाही. शेजारच्या टेबलावर ज्याचं प्रदर्शन लागलंय तो चित्रकार बसलेला असायचा, आणि तो पण एका चहावर, त्यामुळे आपण गरीब आहोत असं वाटायचंच नाही.

तिथून दोन पावलांवर ऱ्हिदम हाउस. तिथल्या छोट्या काचेच्या केबिन, आत जायचं, रेकॉर्ड नाहीतर कॅसेट लावून ऐकायची, आवडली तर घ्यायची. आम्हाला सगळ्याच आवडायच्या आणि एकही घ्यायचो नाही. आणि कोपऱ्यावर वेसाइड इन, चौकटीचे टेबलक्लॉथ असलेलं जुनं रेस्टॉरंट, जिथे कवी अरुण कोलटकर आणि मित्रमंडळी बसायची, खिडकीतून चौक बघत. मी तिथे आत एकदाच गेलो, तेही पाणी पिऊन बाहेर आलो कारण मेन्यूचे भाव बघितले.

आता हे सगळं रम्य आहे, मान्य. पण इथे मला एक ब्रेक मारावासा वाटतो, कारण जुन्या कट्ट्यांच्या गोष्टी सांगताना सगळेच असं सांगतात की जणू सगळ्यांना दार उघडं होतं. याच कॉलेजात १९०७ नंतर एक विद्यार्थी शिकत होता, १९१२ ला इकॉनॉमिक्स आणि पॉलिटिक्स घेऊन बीए झाला. भीमराव आंबेडकर. त्यांच्या चरित्रात नोंद आहे की कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा तर सोडा, पाणीसुद्धा द्यायचा नाही, जातीमुळे. प्रोफेसर म्युलर त्यांना पुस्तकं द्यायचे, अंगावरचे कपडे द्यायचे, पण वर्गाबाहेरचा चहा नाही. मी त्याच इमारतीत पाच वर्षं चहा पीत होतो, कुठल्या कोपऱ्यात तेव्हाचं ते हॉटेल होतं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे याच चौकातल्या वेसाइड इनमध्ये बाबासाहेब राज्यघटनेच्या कामाच्या वेळी कागद घेऊन बसायचे असं काळा घोड्यावर सगळे सांगतात. आणि भायखळ्याचं ते जुनं कॉलेज, म्हणजे आताचं रेल्वे हॉस्पिटल, त्याला आज नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्याला नव्या जागेत पाणी मिळालं नाही त्याचं नाव जुन्या जागेला. हे मी मुद्दाम जुळवून आणलेलं नाही हो, नकाशा काढून बघा.

माझ्या वेळेलाही सगळं काही समान नव्हतं. समोवारमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा इंग्रजीत ऑर्डर द्यायची असते असं वाटून मी मेन्यूवर बोट ठेवलं होतं, न बोलता. मराठी मीडियमची आमची गँग पहिलं वर्षभर पायऱ्यांवरच असायची, आत जायला दुसरं वर्ष उजाडलं. पायऱ्यांचं हेच चांगलं, पायरीला मीडियम नसतं.

बरं, मग गेलं काय आणि कसं? इथे लोक एकच उत्तर देतात, मॉल आले, मोबाईल आला. मला ते पटत नाही, प्रत्येक जागा वेगळ्या कारणाने गेली.

सगळ्यात आधी घोडा. १८७९ चा पुतळा, प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राच्या, भेटीची आठवण म्हणून व्यापारी अल्बर्ट ससूनने दिलेला. १९६५ ला राजकारण्यांना आणि लोकांनाही इंग्रज राजपुत्र चौकात नको झाला, उचलला, राणीच्या बागेत. नाव मात्र राहिलं. पन्नास वर्षं लोक काळा घोडाला ये म्हणायचे आणि तिथे घोडाच नव्हता, होतं ते गाड्यांचं पार्किंग. वेसाइड इन गेलं कारण तिथल्या जागेचा भाव आणि चहा-टोस्टचा भाव यांचा मेळच बसेना, त्या जागी पॉश रेस्टॉरंट आलं. समोवार वेगळ्या कारणाने गेलं, गॅलरीला आपली जागा परत हवी होती, बरीच वर्षं कोर्टात चाललं, शेवटी मार्च २०१५ मध्ये बंद झालं. शेवटच्या दिवसांत एवढी रांग होती म्हणे की जे वीस वर्षांत फिरकले नव्हते ते पण आले. मी पण त्यातलाच, गेलो, रांग बघितली, परत आलो. आणि ऱ्हिदम हाउस २०१६ ला, त्याचं कारण तर सगळ्यांच्या खिशातच होतं, गाणी फुकट मिळायला लागल्यावर केबिनमध्ये कोण उभं राहणार.

आता गंमत बघा. मुंबईत हेरिटेजचे नियम आले १९९५ ला, देशात पहिल्यांदा. ३० जून २०१८ ला हा सगळा भाग, गॉथिक आणि आर्ट डेको मिळून ९४ इमारती, युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. एल्फिन्स्टन त्यात, ससून लायब्ररी त्यात, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स त्यात. छान झालं, मनापासून छान झालं, नाहीतर एव्हाना इथे काचेचा टॉवर असता. पण नियम बघतो काय? छप्पर, कमान, खिडकी, दगडाचा रंग. आत चहा कितीला मिळतो, कोण किती वेळ बसू शकतं, हे कुठल्याच यादीत येत नाही. उलट भाग जितका देखणा झाला तितकं भाडं वाढलं, आणि जितकं भाडं वाढलं तितक्या बसायच्या जागा विद्यार्थ्यांच्या हातातून गेल्या. १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा फेस्टिव्हल भरतो, नऊ दिवस रस्ता बंद, लाखो लोक, आणि मग दहाव्या दिवशी परत गाड्या. मला फेस्टिव्हल आवडतो, उगीच नाक मुरडत नाही, पण कट्टा म्हणजे नऊ दिवसांची गोष्ट नाही ना, कट्टा म्हणजे जुलैच्या मंगळवारी दुपारी, पाऊस पडत असताना, बाहेरचं काही काम नसताना बसता येणारी जागा.

आता या दोन उदाहरणांकडे बघा म्हणजे माझा मुद्दा कळेल. ससून लायब्ररी टिकली. का? कारण इमारत तिचीच, मेंबरांच्या वर्गणीवर चालणारी, कोणी भाडं वाढवून बाहेर काढू शकत नाही. मध्ये तिची दुरुस्ती झाली, छप्पर पुन्हा मूळ रूपात आणलं आणि २०२३ ला परत उघडली. आरामखुर्च्या आहेत, मी बसून आलो. समोवारकडे प्रेम होतं, नाव होतं, पन्नास वर्षांचा इतिहास होता, फक्त जागा स्वतःची नव्हती. बाकी सगळं दुय्यम.

एक अवांतर. २०१२ मध्ये भारतातलं पहिलं स्टारबक्स उघडलं ते हॉर्निमन सर्कलला एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये. माझ्या एका मावशीला वाटलं आमच्या कॉलेजातच उघडलं, फोन करून म्हणाली तुमच्या कॉलेजात अमेरिकन कॉफी आली रे! कॉलेज वेगळं, बिल्डिंग वेगळी, पण टाटांची भागीदारी असलेलं ते दुकान आणि जमशेटजी टाटा आमच्या कॉलेजचे, त्यामुळे मावशी अगदीच चुकली असंही नाही. तिथल्या एका कॉफीत आमच्या काळचा महिन्याचा चहा आला असता.

आता कॉलेज २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेजबरोबर. म्हणजे पुन्हा एक नवा पत्ता, यावेळी कागदावरचा. कल्पना मला चांगली वाटते, चारही जवळजवळ चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, चौघांची मिळून एक विद्यार्थ्यांची जागा व्हायला काय हरकत आहे? इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचा कावसजी जहांगीर हॉल तर १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झालाय, तो काही परत मिळणार नाही. पण चार कॉलेजांत मिळून एखादा व्हरांडा तर निघेल. जिथे पंखा, प्लग पॉइंट, स्वस्त चहा आणि कोणी उठा म्हणणार नाही. हेरिटेजवाल्यांना विचारायची पण गरज नाही, खुर्च्याच ठेवायच्यात.

राणीच्या बागेनंतरच्या रविवारी भाचीला घेऊन काळा घोड्याला गेलो, म्हटलं हिला दाखवू तरी. २०१७ पासून चौकात नवीन घोडा उभा आहे, काळाच, पण पाठीवर कोणी नाही. ती खालून वर बघत राहिली आणि म्हणाली, याच्यावरचा माणूस कुठे गेला? म्हटलं अगं तूच बघितलास ना, मागच्या आठवड्यात, पेंग्विनच्या इथे. तिला ते एकदम पटलं.

मग तिला भूक लागली. समोर तीन कॅफे, काचेतून दिसणारे, एका सँडविचचा भाव बघून मी तिला घेऊन पुढे सरकलो. कॉलेजच्या भिंतीला लागून फुटपाथवर चार पोरं उभी होती, गळ्यात आयकार्ड, हातात वडापाव, एकाची सॅक दुसऱ्याच्या पायावर ठेवलेली. रविवारी कसे काय, विचारलं तर म्हणाले प्रॅक्टिसेस, एकांकिका बसवतोय. कुठे बसवताय? एकाने मान हलवून समोरच्या फुटपाथकडे दाखवलं. वडापाव कुठला, एवढं विचारून घेतलं, कोपऱ्यावरून दोन आणले, आणि आम्ही पण तिथेच भिंतीला टेकून उभ्याने खाल्ले. भाचीने चटणी काळ्या दगडावर सांडली, मी रुमालाने पुसायला लागलो तर त्यातला एक जण म्हणाला, राहू द्या काका, हेरिटेज आहे, पावसाने जाईल.